पग की कारवानी? आधी घर बघा, मग कुत्रा

वार्षिक परीक्षा संपायच्या आधीच आमच्या घरात कुत्र्याचा विषय निघाला. धाकटीला पग हवा होता: मांडीवर मावणारा, चपट्या नाकाचा, कपाळावर आठ्या असलेला. थोरल्याला हवा होता कारवानी. बार्शीकडच्या एका मित्राच्या शेतावर कारवानीची पिल्ले झाली होती आणि मित्र त्यातले एक फुकट द्यायला तयार होता. आम्ही येरवड्यात चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, पाच माणसे राहतो. सासूबाईंना दमा आहे. त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्याला रोज खाली कोण नेणार, ते आधी सांगा."

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. म्हणून ठरवले की उन्हाळा संपेपर्यंत कुत्रा आणायचा नाही, फक्त माहिती काढायची. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, दोन्ही प्रकारचे कुत्रे पाळलेल्या घरी जाऊन आलो, पुष्कळ वाचले. हल्ली आपल्या वस्त्यांत आणि नव्या इमारतींतही हौसेने कुत्री आणली जातात, म्हणून ती माहिती या पानावर देत आहे.

सुरुवात एका दुःखद प्रसंगाने करते. आमच्या जुन्या वस्तीत एका कुटुंबाने मुलाच्या हट्टापायी पग आणला होता. घर पत्र्याचे. मे महिन्यात एका लग्नाला सगळे गेले आणि पग घरात राहिला. पाण्याचे भांडे भरलेले होते, पंखा चालू होता. दुपारी वीज गेली. चारच्या सुमारास मंडळी परतली तेव्हा तो मोरीच्या गार फरशीला पोट लावून पडला होता. जीभ जांभळी झाली होती. रिक्षातच त्याने प्राण सोडला. त्या माणसांनी त्याला उपाशी ठेवले नव्हते की मारले नव्हते. त्यांना एवढेच माहीत नव्हते की त्या कुत्र्याचे शरीर त्या घरात दुपार काढू शकत नाही.

एका शब्दाबद्दल

बाजारात अशा कुत्र्यांना 'जातिवंत' म्हणतात आणि रस्त्यावरच्याला 'गावठी' म्हणून नाक मुरडतात. आपण इथे 'वाण' हा शब्द वापरू. वाण म्हणजे माणसाने विशिष्ट कामासाठी किंवा विशिष्ट रूपासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली कुत्री. त्यात उच्च-नीच काही नाही. उलट 'शुद्ध रक्ता'च्या नादात जवळच्या नात्यातच पैदास करत राहिले की आजार पक्के होत जातात. इंग्लंडमधल्या सुमारे १०,००० पगांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या कुत्र्यांत मिळून जनुकीय विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकीच असल्याचे त्यात दिसले. शुद्धतेची किंमत अशी शरीराला मोजावी लागते.

पग: चेहरा गोड, श्वास अवघड

पग मूळचा चीनमधला, राजघराण्यांच्या मांडीवर वाढलेला. डच व्यापाऱ्यांमार्फत तो युरोपात गेला. आपल्याकडे तो घराघरांत ओळखीचा झाला तो २००३ च्या सुमारास, हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. मुलाच्या मागे मागे चालणारा तो छोटा कुत्रा सगळ्यांना आवडला आणि पगाची मागणी वाढली.

पगाचे वजन साधारण ६ ते ८ किलो. स्वभाव माणसाळलेला. लहान मुलांत, म्हाताऱ्यांत रमतो. भुंकणे कमी. फार पळवावे लागत नाही. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे सावकाश फिरवले तरी पुरते. लहान घरासाठी हा कुत्रा बरा, असे लोक म्हणतात ते यामुळे.

आता दुसरी बाजू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जीभ आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा खेळवून अंग थंड करतो. पगाचे नाक चेहऱ्यात दाबले गेले आहे, पण आतले मांस तेवढेच आहे. नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग लांब पडून घशात लोंबतो. म्हणून पग घोरतो. आपल्याला त्याचे हसू येते, पण पुष्कळ वेळा ते श्वास अडत असल्याचे लक्षण असते. जास्त त्रास असेल तर शस्त्रक्रियाही करावी लागते.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये हजारो पगांच्या दवाखान्यातल्या नोंदी इतर कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. वर्षभरात एक तरी आजार होण्याची शक्यता पगात इतरांच्या १.९ पट, म्हणजे जवळपास दुप्पट निघाली. नेदरलँड्समध्ये तर फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदी आहे.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली किंवा गच्चीखालच्या खोलीत त्याहून जास्त उकडते. पगाला सगळ्यात मोठा धोका याच दिवसांत असतो. त्याशिवाय तीन गोष्टींकडे रोज लक्ष द्यावे लागते. एक, डोळे. ते बाहेर आलेले असल्याने चटकन खरचटतात. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले किंवा तो मिटून बसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. दोन, चेहऱ्याच्या घड्या. त्यांत ओल राहिली की त्वचा चिघळते. ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. तीन, वजन. पग खादाड असतो आणि वाढलेले वजन श्वासाचा त्रास आणखी वाढवते. दिवसाला साधारण ४००-५०० कॅलरी त्याला पुरतात. प्रत्येकाने आपल्या ताटातला घास दिला की हा हिशेब कोलमडतो. गळ्यात पट्टा बांधून ओढू नये, छातीवर बसणारा पट्टा वापरावा.

कारवानी: उन्हाला तयार, पण मैदान मागतो

कारवानी आपल्या दख्खनचा. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंत तो खेड्यापाड्यांत दिसतो. कारवाँबरोबर आलेला म्हणून कारवानी, असे नावाचे मूळ सांगतात. अंगावर लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावावरून त्याला 'मुधोळ हाउंड' म्हणतात. तिथे तिम्मापूरला या कुत्र्याचे सरकारी संशोधन केंद्र आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. लष्करानेही मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली आहेत. पण हे वाण टिकवले ते शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी आणि भटक्या समाजांतल्या माणसांनी, ज्यांची नावे कुठल्या कागदावर नाहीत.

उंची दोन फुटांहून अधिक, वजन साधारण २० ते ३० किलो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय. तोंड लांब म्हणजे श्वासाला वाट मोकळी. अंगावर चरबी कमी, केस आखूड. त्यामुळे तो ऊन सोसतो. पगात दिसणारे श्वासाचे, डोळ्यांचे आणि घड्यांचे आजार याच्या वाट्याला सहसा येत नाहीत.

मग अडचण कुठे? हा कुत्रा नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखा धावण्यासाठी घडला आहे. एकेकाळी ससे आणि हरणे पकडायला त्याला वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार आज गुन्हा आहे. पण कायदा बदलला म्हणून कुत्र्याचे पाय बदलत नाहीत. मांजर, कोंबडी, खार दिसली की तो सुटतो आणि मग हाका मारून उपयोग नसतो. शहरात मोकळा सोडला तर गाडीखाली जाण्याची भीती. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर सोडावा म्हटले तर तिथे मोर आहेत. म्हणजे कुंपण घातलेले मैदान हवे, नाहीतर त्याच्याबरोबर पळणारा तरुण माणूस हवा. रोज तासभर तरी, पावसातसुद्धा.

स्वभावाने तो घरच्यांशी एकनिष्ठ, पण परक्यांना अंगाला हात लावू देत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने गोंजारावे असा हा कुत्रा नाही. चाळीत, सामायिक जिन्यात, मुलांच्या गर्दीत त्याला लहानपणापासून सवय लावली नाही तर तो बुजतो, आणि बुजलेला कुत्रा चावतो. दिवसभर बांधून ठेवला तर बिथरतो. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडूफिरू न देणे हासुद्धा गुन्हाच आहे.

आरोग्याच्या आणखी काही गोष्टी. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून जेवण दोन वेळा विभागून द्यावे आणि खाल्ल्याबरोबर पळवू नये. चरबी कमी असल्याने भुलीचे औषध जपून द्यावे लागते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना वाण आवर्जून सांगावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंथरूण-पांघरूण लागते. आणि खाणे: मोठ्या कारवानीला दिवसाला १,२०० कॅलरींच्या आसपास, म्हणजे पगाच्या अडीचपट.

उन्हाचा झटका: कुठलाही कुत्रा असो

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले की धोका. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लाल किंवा जांभळट जीभ, झोकांड्या, उलटी ही लक्षणे दिसली तर सावलीत घ्या, अंगावर साधे गार पाणी ओता आणि वारा घाला. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. जबरदस्तीने पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जाते. ओले फडके अंगावर तसेच गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. फिरवायला सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर न्या. तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवा. सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही तर कुत्र्याचेही पाय भाजतील.

घरच्या माणसांचे आरोग्य

पग असो की कारवानी, रेबीजच्या बाबतीत दोघे सारखेच. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ शंभर टक्के जीव घेतो आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. लस १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी प्रथम माणसाला दिली. त्यानंतर इतकी वर्षे झाली, तरी जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंच्या लसी सुरू होतात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी. जंतांचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळापत्रकाप्रमाणे द्यावे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतले जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात. पावसाळ्यात गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होते. रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यात तपासावे. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, म्हणून लघवी साफ करताना हातमोजे घालावेत.

कुत्रा चावला किंवा नख लागून रक्त आले तर, तो घरचा असला आणि लस दिलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. ससूनसारख्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखा चुकवू नका. जखम भरली म्हणून पुढचे डोस सोडून देणे जिवावर बेतू शकते.

घरात दमा असेल तर एक गैरसमज दूर करा. आखूड केसांचा कुत्रा म्हणजे त्रास नाही, असे नसते. त्रास केसांपेक्षा कोंड्यातून आणि लाळेतून होतो. पगाचे केस आखूड असूनही भरपूर गळतात. त्यामुळे आणण्याआधी दम्याच्या माणसाने तसा कुत्रा असलेल्या घरी दोन-तीनदा काही तास बसून पाहावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणि कुत्र्याला आपल्या डब्यातल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे, चॉकलेट, शिजवलेल्या कोंबडीची हाडे हेही देऊ नका.

पैसा, कागद आणि जिना

पिल्लू फुकट मिळाले तरी कुत्रा फुकट नसतो. पगात पैसा दवाखान्यावर जातो, कारवानीत खाण्यावर आणि वेळेवर. लस आणि तपासणीसाठी औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात खर्च कमी येतो, पण तिथे जायला अर्धा दिवस आणि रिक्षाचे भाडे धरा.

२०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पिशवीतून पिल्लू आणून रस्त्यात देणाऱ्याकडून घेऊ नका. पिल्लाची आई पाहायला मागा. पग घेत असाल तर आई शांत बसलेली असताना तिचा श्वास कानांनी ऐका. घरघर येत असेल तर परत या. पुण्यात कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि रेबीजची लस दिल्याचा दाखला जपून ठेवावा लागतो.

जिन्याचाही विचार करा. लिफ्ट बंद पडली की पगाला उन्हात चार मजले चढवता येत नाही, उचलून न्यावा लागतो. कारवानी धावत चढेल. पण तोच म्हातारा किंवा आजारी झाला की पंचवीस किलोचा कुत्रा चार मजले खाली कोण नेणार?

कोणत्या घराला कोणता?

ज्या घरात दिवसभर कुणीतरी माणूस असते, खोली उन्हाळ्यातही गार राहते, दवाखान्यासाठी पैसे बाजूला ठेवता येतात आणि धावपळ कुणाला झेपणारी नाही, त्या घरात पग सुखाने राहील. तळमजल्यावर, सावलीतले घर असेल तर उत्तम. पत्र्याचे घर, पश्चिमेची खोली, वारंवार जाणारी वीज, दिवसभर कुलूप असेल तर पग आणू नये.

ज्यांच्याकडे अंगण किंवा शेत आहे, रोज तासभर पळणारा माणूस आहे, शेजारी कोंबड्या-मांजरांची वर्दळ नाही आणि परक्यांपासून त्याला जपायची तयारी आहे, त्यांनी कारवानी आणावा. हडपसर-वाघोलीच्या पलीकडे मोकळ्या जागेत राहणाऱ्यांना तो जमेल. दोन खोल्यांत, साखळीला बांधून ठेवायला आणू नये.

आमच्या घरी दोन्ही परीक्षा झाल्या. थोरल्याने ठरवले की महिनाभर रोज पहाटे साडेपाचला उठून तासभर पळायचे, मग कारवानी. तो नऊ दिवस उठला. दहाव्या दिवशी स्वतःच म्हणाला, "मम्मी, मित्राला नाही म्हणून कळवतो." धाकटीने भिंतीवर तापमापक लावला आणि दुपारी तीनचा आकडा वहीत लिहीत गेली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पंखा चालू असताना आमची खोली ३७ अंशांवर होती. वही सासूबाईंपुढे ठेवून ती गप्प बसली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

बार्शीचे ते पिल्लू पुढे मित्राच्या चुलत्यांच्या मळ्यावर गेले. फोनवर त्याचे व्हिडिओ येतात. ज्वारीच्या कापलेल्या रानातून ते सुसाट पळते. थोरला ते पुन्हा पुन्हा बघतो. आमच्या जिन्याखाली एक तपकिरी गावठी कुत्री वर्षानुवर्षे राहते. तिची नसबंदी झालेली आहे. यंदा धाकटीने खाऊचे पैसे साठवले, इमारतीतल्या दोन घरांनी भर घातली आणि आम्ही तिला रेबीजची लस देऊन आणली. लस दिल्याचा कागद आता जिन्यात, मीटरच्या पेटीवर चिकटवलेला आहे. खाली तारीख लिहिली आहे, म्हणजे पुढच्या वर्षी विसरायला नको.